चार माणसांचा पैरा

अंबादासांच्या घरी कुणाची वाटी आली, तर ती अर्ध्या तासात परत जायची. रिकामी नव्हे, भरून. वरच्या मजल्यावरच्या झुंबरबाईंनी एकदा कोथिंबिरीच्या वड्या पाठवल्या. घरच्यांच्या तोंडात वडी असतानाच अंबादास वाटी धुऊन, पुसून, तिच्यात चार केळी उभी करून झुंबरबाईंच्या दारात हजर. केळी वाटीत मावत नव्हती, पण मोठं भांडं शोधण्याइतका त्यांना धीर नव्हता. झुंबरबाईंनी पुढं एकदा आमटी पाठवून बघितली. वीस मिनिटांत पेढे आले. तिसऱ्यांदा त्यांनी काही पाठवलं नाही, आणि अंबादासांना वाटलं, चला, एक घर तरी निर्धास्त झालं.

शाहूपुरीतल्या एका विमा कंपनीच्या कचेरीत चौतीस वर्षं काढून ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत कुणी चहा पाजला, तर चार वाजायच्या आत त्याच्या टेबलावर दुसरा चहा यायचा. माणूस सरळ, यात वाद नाही. पण कचेरीतले लोक म्हणायचे, अंबादासांबरोबर चहा प्यायला की पावती हातात पडल्यासारखं वाटतं. “मी कुणाचा मिंधा नाही,” हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी म्हणत. त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांनी ते ऐकायचं कधीच सोडून दिलं होतं.

या स्वभावापायी एकच माणूस खरा दुखावला, आणि नेमका तो घरचा निघाला. अकरा वर्षांपूर्वी अंबादासांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. धाकटा भाऊ जनार्दन इचलकरंजीजवळ कबनूरला असतो, चार यंत्रमाग आहेत त्याचे. माग बंद ठेवून तो आठ दिवस थोरल्याच्या उशाशी बसला. उलटी झाली की भांडं धरायचं, कूस बदलायला हात द्यायचा, आणि कंटाळा आला की नर्सबाईंशी भांडायचं, असा त्याचा दिवस. घरी आल्यावर अंबादासांनी पहिलं काम काय केलं असेल? एक चांगलं मनगटी घड्याळ आणवलं आणि कुरिअरनं कबनूरला धाडलं. सोबत चिठ्ठी होती: ‘आठ दिवसांबद्दल.’

जनार्दनानं घड्याळ परत केलं नाही, भांडणही काढलं नाही. तो फक्त यायचा बंद झाला. दिवाळीला फोनवर शुभेच्छा यायच्या, तेवढ्याच शब्दांत जायच्या. आपण काहीतरी करून बसलो हे अंबादासांना कळत होतं, पण दुरुस्त कसं करायचं म्हटलं की त्यांच्या डोक्यात दुसरी एखादी वस्तूच यायची. भावाची फार आठवण आली की ते कपाट आवरायला घेत. त्यांचं कपाट बघण्यासारखं असायचं.

आता शेताकडं वळू. कागलच्या अलीकडं चार एकराचा एक तुकडा कोल्हापूरच्या बारा घरांनी मिळून खंडानं घेतला आहे. नाव ‘आपलं शेत’. डॉक्टर, मास्तर, वकील, दुकानदार अशी ही माणसं रविवारी येतात, वांगी तोडतात आणि वांग्यांपेक्षा जास्त फोटो घेऊन परत जातात. या मंडळाच्या अध्यक्ष सरोजिनीबाई. लेंडीखत चांगलं म्हणून कुणीतरी सुचवलं आणि शेतावर अकरा मेंढरं आली. पोरांनी त्यांची बारशी केली. राखणदार त्यांना चारायचा. पण मेंढराच्या अंगावरची लोकर वर्षातून दोनदा उतरवावी लागते, हे बारा घरांतल्या एकालाही माहीत नव्हतं. माघ संपत आला तेव्हा मेंढरं इतकी फुगली होती की तोंड कुठल्या बाजूला आहे ते चालायला लागल्यावर समजायचं.

बांधापलीकडं आकाराम राहतो. जातिवंत धनगर, दोनशे मेंढरांचा धनी, बोलणं कमी. त्याला ते बघवेना. एका रविवारी तो बांध ओलांडून आला आणि सरोजिनीबाईंना म्हणाला, ही मेंढरं कातरून घ्या, उन्हाळ्यात मरतील. कोण कातरणार, असं बाईंनी विचारलं. आकाराम म्हणाला, मी चार माणसं घेऊन येतो. बाईंनी मजुरी विचारली. त्यावर तो म्हणाला, “कातरणीचं पैसं घ्यायची चाल न्हाई आमच्यात. पैऱ्यानं करायचं.”

आता पैरा म्हणजे काय हे सरोजिनीबाईंना माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. आज तुमची माणसं माझ्या कामाला, उद्या माझी माणसं तुमच्या कामाला, असा तो शेतकऱ्यांचा रिवाज. ही व्याख्या त्यांनी तीस वर्षं पोरांना फळ्यावर लिहून दिली होती, आणि ‘एकमेकांच्या’ हा शब्द राहिला तर अर्धा गुण कापला होता. पण पुस्तकातली गोष्ट आपल्याला लागू होते हे शिकलेल्या माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही. बाईंना गहिवरून आलं. त्यांनी आकारामला हो म्हटलं आणि लगेच ग्रुपवर कळवलं: ‘सहकुटुंब लोकर कातरणी दिवस! लोकपरंपरा जवळून पाहा.’ एवढ्यावर न थांबता त्यांनी सहा फुटी फ्लेक्स छापून घेतला. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘पैरा: आपली परंपरा, आपला अभिमान’ आणि खाली बारा घरांच्या प्रमुखांची नावं. अंबादासांचं नाव दुसरं होतं.

अंबादासांना मात्र पहिल्यापासून करमेना. फुकट काम करून घ्यायचं ही कल्पनाच त्यांना पचेना. त्यांनी स्वतः जाऊन चार शाली आणि चार नारळ आणले. शाल-श्रीफळ दिलं की माणसाचं ऋण फिटतं, अशी आपल्या शहरगावात जुनी समजूत आहे. शालींची घडी पिशवीत बसली तेव्हा कुठं त्यांना बरं वाटलं.

कातरणीच्या आधी मेंढरं ओढ्यावर धुऊन दोन-तीन दिवस वाळू द्या, असं आकारामनं बजावलं होतं. ते काम पोरांनी शाम्पूनं केलं. तीन दिवस सगळ्या शिवाराला सफरचंदाचा वास येत होता.

कार्यक्रमाच्या पत्रिकेत नऊला ‘मेंढरांची ओळख’, साडेनऊला ‘कातरणी’, साडेदहाला उपमा, अकराला मनोगतं आणि बाराला सत्कार असं होतं. आकाराम, त्याचा भाऊ, मेहुणा आणि पुतण्या असे चौघं सात वाजता येऊन बसले. बारा घरं पावणेदहाला पोचली. तोवर आकारामनं तो फ्लेक्स दोनदा सावकाश वाचला होता, आणि माणसं चांगली आहेत, लेखी देतात, असं तो मेहुण्याला म्हणाला होता.

काम सुरू झालं. आकारामनं पहिल्या मेंढराच्या पाठीवर आणि कातरीवर भंडारा टाकला, “बिरोबाच्या नावानं चांगभलं” म्हटलं, मेंढराचे पाय दोरीनं बांधले आणि त्याला अलगद आडवं केलं. मग नुसतं कचकच कचकच. पोटाकडून सुरुवात करून पाठीपर्यंत लोकर अशी उलगडत गेली की शेवटी अख्खी वाकळच बाजूला निघाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण ज्या मेंढराचं नाव पोरांनी चॉकलेट ठेवलं होतं, त्याच्या आतून एक बारीक, राखी, लांब मानेचं भलतंच मेंढरू निघालं, आणि बारा घरांतल्या उन्मेष डॉक्टरांची मुलगी मैथिली आपलं चॉकलेट कुठं गेलं म्हणून भोकाड पसरून रडू लागली. मेंढरांचंही तेच झालं. कातरलेली मेंढरं एकमेकांना ओळखेनात, पाहुणा समजून टकरा मारू लागली. एक टक्कर चुकून उपम्याच्या पातेल्याला बसली. साडेदहाचा कार्यक्रम थोडक्यात आटोपावा लागला.

अंबादासांकडं पाय धरायचं काम होतं. त्यांनी दोन लाथा खाल्ल्या आणि त्यांचं लक्ष मात्र आकारामच्या हाताकडं होतं. बोटांना घट्टे पडलेले, कपाळावरून घाम, पाण्यालासुद्धा माणूस उठला नाही. अकरा मेंढरं झाली आणि एकाच्याही अंगावर रक्ताचा थेंब नाही. पिशवीतल्या शालीची किंमत अंबादासांच्या मनात मिनिटामिनिटाला कमी होत चालली.

बारा वाजता सत्कार झाला. सरोजिनीबाईंनी लोकपरंपरेवर चौदा मिनिटं भाषण केलं, शाली पांघरल्या, नारळ दिले. मग आकारामला दोन शब्द बोलायची विनंती झाली. तो उठला, खांद्यावरची शाल नीट केली आणि म्हणाला, “शालीचं काय काम नव्हतं, पर दिलासा तर ऱ्हाऊ द्या. आमची कातरणी येत्या आईतवारचा पुढचा आईतवार. आमी चौघं आलतो, तुमी चौघं या. सकाळी सातला. कातरी आमी देतो.”

नारळ हातात घेऊन तो खाली बसला. उन्मेष डॉक्टर मोबाईलवर चित्रण करत होते, म्हणून पुढचा मिनिटभर आजही बघायला मिळतो. बारा घरांतली माणसं गप्प उभी आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर ‘आपली परंपरा, आपला अभिमान’ हा फ्लेक्स वाऱ्यानं फडफडतो आहे.

त्या दिवसापासून अंबादासांची झोप उडाली. सगळा जन्म कुणाचं देणं अंगावर ठेवलं नाही, आणि आता चार माणसांचा एक अख्खा दिवस अंगावर. तोही असा की तो वाटीत घालून परत करता येत नाही. त्यांनी आकारामला फोन लावला आणि म्हणाले, तुमच्या या नंबरवर काही रक्कम पाठवतो. आकाराम म्हणाला, नंबर बोलायला हाय, आणि फोन ठेवून दिला.

इकडं ग्रुपवर निमित्तांचा पाऊस पडला. एकाची पाठ, एकाचं लग्नकार्य, एकाच्या मुलाची परीक्षा. वकीलसाहेबांनी तर पैरा तोंडी झाला असल्यामुळं बंधनकारक नाही असं मत दिलं. त्यावर कुणीतरी फ्लेक्सचा फोटो टाकला, तेव्हा ते ग्रुपमधून बाहेर पडले. उन्मेष डॉक्टरांनी चार रोजगारी लावून द्यायची युक्ती काढली. सगळ्यांनी तिला अंगठे दाखवले, म्हणजे पसंतीचे, आणि ती युक्ती आकारामच्या कानावर घालायला अंबादासांना पाठवलं.

आकाराम गोठ्याजवळ दोरी वळत बसला होता. त्याची बायको आक्का हिनं अंबादासांपुढं चहा ठेवला. चहा बघून अंबादासांनी मनात मोजलं, आणखी एक देणं. त्यांनी कशीबशी रोजगाऱ्यांची गोष्ट काढली. आकारामनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पावणं, रोजगारीच पायजे असता तर आमी लावला नसता व्हय? पैऱ्याला घरचं माणूस लागतंय.”

अंबादास म्हणाले, घरात मी आणि सरोजिनी दोघंच. मुलगा बेंगळुरूला. डॉक्टर भीडेखातर येतील, म्हणजे तीन. चौथं माणूस नाही.

“बारा घरं हायत की तुमची.”

“आहेत. पण चौथं माणूस नाही.”

आकारामला याचं खरंच नवल वाटलं. त्यानं दोरी खाली ठेवली. “भाऊ न्हाई तुमास्नी?”

“आहे.”

“मग झालं की. त्येला सांगा.”

झालं की! अंबादास परत येताना हायवेवर गाडी तीसच्या वर गेली नाही. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. भावाला काहीतरी द्यायचं असतं तर त्यांनी त्याच दिवशी दिलं असतं. पण मागायचं कसं? बासष्ट वर्षांत त्यांनी कुणाकडं काही मागितलं नव्हतं, आणि मागायची वेळ आली ती नेमकी त्याच्याकडं, ज्याच्या आठ दिवसांना त्यांनी घड्याळ पाठवलं होतं.

चार दिवस ते फोन हातात घेत आणि ठेवत होते. कपाट तीनदा आवरून झालं. चौथ्या दिवशी सरोजिनीबाईंनी कपाटाची किल्ली काढून घेतली आणि फोन हातात दिला.

पलीकडून मागांचा खडखडाट आला आणि त्यात जनार्दनाचा आवाज. दिवाळी नसताना थोरल्याचा फोन, म्हणून तो घाबरलाच. कोण गेलं, असं त्यानं विचारलं. अंबादासांनी पाठ केलेली चार वाक्यं होती, ती सगळी विसरली.

“जना, माझं एक काम हाय तुझ्याकडं.”

“बोल की.”

“मेंढरं कातरायला यायचंय.”

जनार्दनानं माग बंद केले. खडखडाट थांबला. “काय कातरायला?”

मग अंबादासांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. लेंडीखत, शाम्पू, चॉकलेट, उपमा, शाल, फ्लेक्स. शेवटी म्हणाले, “मी त्या माणसाचा मिंधा झालोय जना. माझ्याकडं माणूस न्हाई.”

पलीकडं जनार्दन हसायला लागला. तो इतका हसला की वर्षाराणी, त्याची बायको, काय झालं म्हणून आत आली, आणि तिला सांगताना तो पुन्हा पहिल्यापासून हसला. अंबादास फोन कानाला लावून मुकाट ऐकत राहिले. अकरा वर्षांनी ते हसणं ऐकत होते, त्यांना फोन ठेववेना. हसून झाल्यावर जनार्दनानं एवढंच विचारलं, किती वाजता यायचं.

ठरल्या रविवारी सात वाजता चौघं आकारामच्या वाड्यावर हजर झाले. वाडा म्हणजे मेंढरं कोंडायचं काटेरी कुंपण. आजूबाजूच्या गावांतली पंधरा-वीस पैऱ्याची माणसं आधीच आली होती. उन्मेष डॉक्टरांनी आपले रबरी हातमोजे घातले होते. सरोजिनीबाई बायकांबरोबर लोकर गोळा करायला बसल्या आणि पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी तिथं रांगेची शिस्त लावली. जनार्दन मोटारसायकलवरून आला. डोक्याला टोपी, हातात वर्षाराणीनं दिलेला स्टीलचा डबा. भावाभावांनी एकमेकांना बघितलं. टक्कल किती पुढं गेलं हे दोघांनी पाहून घेतलं, आणि दोघंही मेंढरांकडं बघायला लागले.

आकारामनं अंबादासांना एक म्हातारी मेंढी दिली. लई गरीब हाय, तीच शिकवंल, असं म्हणाला. ती खरंच गरीब होती. अंबादासांनी कातर लावली की ती डोळे मिटायची आणि संपलं का म्हणून उघडायची. कातर कुठं धरायची, कातडी कुठल्या हातानं ताणायची, काही उमगेना. एका जागी इतकं खोल गेलं की गुलाबी कातडी दिसली, लगेच शेजारी चार बोटं लोकर तशीच. पाऊण तासानं मेंढीच्या एका कुशीला पायऱ्या पडल्या होत्या. आईनं घरी केस कापलेल्या पोरासारखी ती दिसायला लागली. येणारा-जाणारा धनगर थांबून बघायचा, काही बोलायचा नाही आणि पुढं जाऊन हसायचा. डॉक्टरांनी तोवर एक मेंढरू अर्धं केलं होतं. ते मेंढराला सारखं तोंड उघडा म्हणत होते, सवयच ती.

जनार्दनाचं मात्र वेगळं. मागावर तुटले धागे बारक्या कातरीनं काढायची त्याची तीस वर्षांची सवय. पहिलं मेंढरू त्यानं जरा चाचरत केलं, दुसरं बरं, आणि जेवायच्या वेळेपर्यंत सहा झाली. आकाराम येऊन बघून गेला आणि आक्काला म्हणाला, ह्यो कोण, ह्येला पुढच्या खेपेला बी बोलवा. अंबादासांना मेंढीच्या पाठीशी वाकल्या वाकल्या अभिमान वाटला, जणू त्याला त्यांनीच शिकवलं होतं.

दुपारी बाभळीखाली पंगत बसली. मटणाचा रस्सा, भाकरी, आणि न खाणाऱ्यांसाठी वांग्याचं भरीत. वर्षाराणीच्या डब्यातली धपाटी आणि शेंगांची चटणी सगळ्या पंगतीत फिरली. भाऊ शेजारी शेजारी बसले. अंबादासांनी भाकरीचा तुकडा हातात घोळवत, खाली बघत विचारलं, “घड्याळ चालतंय का रं?”

जनार्दन चावायचा थांबला. “कुणास ठावं. पेटीतनं भाईर काढलंच न्हाई.” मग घास गिळून म्हणाला, “तू पडलावतास, म्हणून बसलो मी. भाड्यानं बसलो नव्हतो दादा.”

सगळी पंगत जेवत होती. कुणाचं लक्ष नव्हतं, म्हणून बरं.

“चुकलं माझं,” अंबादास म्हणाले. हे वाक्य ते पहिल्यांदाच बोलत होते, त्यामुळं जरा मोठ्यानं गेलं आणि आक्कानं वाढता वाढता वळून बघितलं. आपल्या ताटातलं एक धपाटं उचलून जनार्दनानं थोरल्याच्या ताटात टाकलं आणि पुढं जेवायला लागला.

दिवस कलला तेव्हा दोनशे मेंढरं झाली होती. त्यांतलं अंबादासांचं एक. आकारामनं त्या म्हाताऱ्या मेंढीकडं बराच वेळ बघितलं आणि लोकर परत येतीच, काळजी करू नका, असं सांगितलं. अंबादासांनी अंग झटकलं. चला, चार माणसांचा दिवस चार माणसांनी फेडला. तसं ते आकारामला म्हणालेसुद्धा, आता फिटलं. त्यावर आकाराम म्हणाला, फिटलं कसं? तुमच्या अकरा मेंढरांना आमी दुपारपातुर होतो. तुमी दिसभर ऱ्हायलासा. आता तुमचाच निघतोय आमच्याकडं अर्धा दिस. दिवाळीच्या कातरणीला येतो. अंबादासांनी पुढचं गणित केलं. दिवाळीला हे दिवसभर राहिले तर आपल्यावर पुन्हा अर्धा दिवस. कितीही मांडलं तरी खाली शून्य येईना. आणि त्यांना कळलं की या माणसांना ते शून्य यायलाच नको आहे.

जनार्दन मोटारसायकलपाशी गेला. अंबादास पिशवी घेऊन मागोमाग. सकाळी निघताना त्यांनी सवयीनं एक शर्टाचं कापड पिशवीत टाकलं होतं, आजच्या दिवसाबद्दल. त्यांनी पिशवीत हात घातला. आत पाण्याची बाटली होती, टॉवेल होता, कापड नव्हतं. त्यांनी वर बघितलं. पलीकडं लोकरीच्या ढिगापाशी सरोजिनीबाई उभ्या होत्या आणि चष्म्यावरून त्यांच्याकडंच बघत होत्या. मुलांच्या दप्तरातून चिंचा काढून घेण्यात त्यांची हयात गेली होती.

अंबादासांनी रिकामा हात बाहेर काढला. तो कुठं ठेवावा हे त्यांना समजेना. मग त्यांनी तो भावाच्या खांद्यावर ठेवला. “तू आलास, लई बरं वाटलं जना.”

“वाटायलाच पायजे,” जनार्दन म्हणाला. “चैत्रात माग हलवायचेत मला नव्या शेडात. तू येणार हायस. एक दिस माझा निघतोय तुझ्याकडं.”

“येतो.”

“कातर नको आणूस म्हंजे झालं,” म्हणून तो गाडीला किक मारून निघून गेला. डबा तिथंच आक्काच्या चुलीपाशी राहिला. आक्कानं तो घासून सरोजिनीबाईंच्या हातात दिला.

घरी आल्यावर अंबादासांनी तो डबा पुन्हा धुतला, कोरडा केला आणि ओट्यावरच्या फळीवर ठेवला. सरोजिनीबाई बघत होत्या. उद्या उन्मेषचा माणूस इचलकरंजीला जाणार आहे, त्याच्याकडं देऊ का, त्यांनी विचारलं. भरायला काय आणू, हेही विचारलं.

“राहू दे,” अंबादास म्हणाले. “न्यायला येईल तो.”

डबा फळीवर सोमवारी होता, मंगळवारी होता. येता-जाता अंबादासांची नजर तिकडं जायची आणि हात शिवशिवायचे. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तो एकदा खाली घेतला, पुसला आणि परत जागेवर ठेवला. दुसऱ्याची वस्तू त्यांच्या घरात इतके दिवस कधी राहिली नव्हती. वड्यांच्या वासानं त्या दिवसांत एकदा ते स्वतः होऊन झुंबरबाईंच्या दारात गेले आणि काय तळताय म्हणून विचारलं. त्या बिचाऱ्या घाबरून गेल्या. पण वाटी आली, आणि तीही त्या डब्याशेजारी राहिली.

तिसऱ्या रविवारी अकरा वाजता बेल वाजली. दारात जनार्दन आणि वर्षाराणी.

“डबा न्यायला आलोय,” जनार्दन म्हणाला.

जेवणं झाली, दुपारची झोप झाली, चार वाजताचा चहा झाला. म्हाताऱ्या मेंढीच्या पायऱ्यांची गोष्ट जनार्दनानं दोनदा सांगितली आणि अंबादासांनी ती दोन्ही वेळा दुरुस्त केली. दिवेलागणीला ती दोघं कबनूरला निघाली. गाडी कोपऱ्यावर वळली आणि अंबादास स्वयंपाकघरात आले, तर डबा फळीवर तसाच होता.

त्यांनी तो जरा मागं सरकवून ठेवला, कुणाचा धक्का लागू नये म्हणून.